बर्डीला दोन, बोगीला उणे एक

अमेरिकेतल्या डेन्व्हरहून आय-२५ महामार्गाने दक्षिणेकडे निघालं की कॅसल रॉक यायच्या थोडं आधी उजव्या हाताला टेकड्या लागतात. वर पॉन्डेरोसा पाइनची उंच झाडं, खाली खुरट्या ओकची दाटी. रस्त्यावरून फारसं काही दिसत नाही, पण त्या झाडीत कॅसल पाइन्स हे गोल्फ कोर्स आहे. १९८६ ते २००६ अशी २१ वर्षं तिथे ‘द इंटरनॅशनल’ नावाची व्यावसायिक गोल्फ स्पर्धा भरायची. पीजीए टूर म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांची मालिका, तिच्या वर्षभराच्या वेळापत्रकात ‘द इंटरनॅशनल’सारखी दुसरी स्पर्धा नव्हती. आज ती नाही, आणि ती गेल्याचं मला अजून वाईट वाटतं.

मी गणित शिकवते. लग्नानंतर कोलोरॅडोत आले तेव्हा गोल्फ म्हणजे शांतपणे चालत जाणारी माणसं, एवढीच माझी समजूत होती. या खेळाची गोडी मला लागली ती या एका स्पर्धेच्या गुणपद्धतीमुळे. म्हणून आधी त्या गुणांबद्दलच सांगते.

नेहमीच्या व्यावसायिक स्पर्धेत चार दिवस खेळ चालतो, रोज १८ होल, म्हणजे चेंडू खड्ड्यात पोहोचवायचे १८ टप्पे, आणि शेवटी ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी तो जिंकतो. प्रत्येक होलला किती फटके लागावेत याचा एक ठरलेला आकडा असतो, तो पार. पारपेक्षा एक कमी म्हणजे बर्डी, दोन कमी म्हणजे ईगल, तीन कमी म्हणजे अल्बाट्रॉस. एक जास्त झाला की बोगी, दोन जास्त की डबल बोगी. सगळे फटके सारख्याच वजनाचे. एक चुकला तर एक वाढला, एक वाचला तर एक कमी झाला.

द इंटरनॅशनलमध्ये फटके मोजायचेच नाहीत. तिथे गुण. पारला शून्य, बर्डीला अधिक २, ईगलला अधिक ५, अल्बाट्रॉसला अधिक ८. बोगीला उणे १. डबल बोगी किंवा त्याहून वाईट काहीही झालं तरी उणे ३, त्याखाली घसरण नाही. ज्याचे गुण जास्त तो विजेता.

दिसायला साधं आहे. पण हे कागदावर मांडून बघा. एका खेळाडूने १८ च्या १८ होलवर पार केली. ७२ फटके, शून्य गुण. दुसऱ्याने ६ बर्डी, ६ बोगी आणि ६ पार केल्या. त्याचेही ७२ फटकेच, पण गुण १२ वजा ६, म्हणजे अधिक ६. तिसऱ्याने ४ बर्डी आणि ८ बोगी केल्या. नेहमीच्या स्पर्धेत हा पारच्या ४ फटके मागे, त्याचा दिवस वाया गेला म्हणायचा. इथे त्याचे ८ वजा ८, शून्य गुण. दिवसभर एकही चूक न करणाऱ्या पहिल्या खेळाडूइतकेच!

याहून मजेदार गणित निर्णयाचं आहे. पार ५ चा होल आहे, ग्रीनच्या, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, अलीकडे पाणी आहे, खेळाडूचा पहिला फटका उत्तम बसलाय. आता दोन वाटा. चेंडू पाण्याच्या अलीकडे ठेवायचा आणि तिथून जवळचा फटका मारून बर्डी साधायची, किंवा थेट ग्रीनवर मारायचा. थेट मारला आणि जमलं तर ईगल, पाण्यात गेला तर बहुधा बोगी. बर्डी खात्रीची धरू. नेहमीच्या पद्धतीत ईगल झाला तर बर्डीपेक्षा १ फटका वाचतो, बोगी झाली तर २ जातात. मिळवायचं एक आणि पणाला लावायचे दोन, म्हणून शहाणा माणूस मागे थांबतो. गुणांच्या पद्धतीत बर्डीचे २, ईगलचे ५, बोगीचा उणे १. मिळवायचे ३ आणि गमवायचेही ३. तोच होल, तेच पाणी, तोच माणूस, पण आता थेट मारण्यात वेडेपणा उरत नाही. मी वर्गात ‘अपेक्षित मूल्य’ शिकवताना हेच उदाहरण घेत असे. मुलांना गोल्फ माहीत असण्याची गरजच पडायची नाही.

या पद्धतीचं मूळ ब्रिटनमध्ये आहे. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड हे पेशाने डॉक्टर. १८९८ मध्ये त्यांनी वेल्समधल्या पेनार्थ इथल्या ग्लॅमॉर्गनशर क्लबात गुणांचा एक प्रयोग करून पाहिला होता. पुढे १९३२ मध्ये लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबात त्या पद्धतीवर पहिली रीतसर स्पर्धा झाली. वॉलसीचा कोर्स समुद्राकाठी, वारा जबरदस्त. सुरुवातीच्या एकदोन होलांवरच कार्ड बिघडलं की सामान्य खेळाडूचा दिवसच संपायचा. एका होलची दुर्दशा त्या होलपुरतीच राहावी, पुढे खेळायला उमेद उरावी, हा त्यांच्या पद्धतीतला दिलासा. त्यांच्या मूळ पद्धतीत उणे गुण नव्हते. कॅसल पाइन्सला वापरली ती तिची सुधारित, जास्त तिखट आवृत्ती. एका डॉक्टरने हौशी खेळाडूंच्या सोयीसाठी काढलेली युक्ती पन्नासेक वर्षांनी जगातल्या उत्तम व्यावसायिकांना धीट करायला कामी आली, याचं मला फार कौतुक वाटतं.

ती तिथे आणली जॅक व्हिकर्स यांनी. तेलाच्या धंद्यातले गृहस्थ. मास्टर्स स्पर्धा जिथे होते त्या ऑगस्टाच्या तोडीचं कोर्स कोलोरॅडोत असावं, तिथे जगभरचे खेळाडू यावेत, ही त्यांची जिद्द. दिग्गज गोल्फपटू जॅक निकलॉस यांच्याकडून त्यांनी कोर्स आखून घेतलं, ते १९८१ मध्ये सुरू झालं, आणि पाच वर्षांनी स्पर्धा आली. समुद्रसपाटीपासून ६,००० फुटांहून जास्त उंची. हवा विरळ, त्यामुळे चेंडू साधारण १० टक्के लांब जातो. म्हणून कोर्सही साडेसात हजार यार्डांहून लांब केलेलं. पहिलाच होल ६०० यार्डांच्या पुढचा, पण खाली उतरत जाणारा. एरवी डोळे मिटून ज्या अंतराला जो क्लब, म्हणजे गोल्फची काठी, उचलायचा तो इथे चालत नाही. बॅग वाहणारा मदतनीस, म्हणजे कॅडी, वहीत बघून आकडेमोड करतोय, खेळाडू बॅगेतला एक क्लब काढून परत ठेवतोय, हे दृश्य प्रत्येक गटात दिसायचं.

सुरुवातीची काही वर्षं मात्र स्पर्धेची आखणी मला पटणारी नव्हती. रोज काही खेळाडू गळायचे आणि उरलेल्यांचे आदल्या दिवसाचे गुण पुसले जायचे. शेवटच्या दिवशी सगळे शून्यापासून. १९८६ चा पहिला विजेता केन ग्रीन १२ गुणांवर जिंकला, १९९१ मध्ये होसे मारिया ओलाथाबाल १० वर. तीन दिवस झकास खेळून चौथ्या दिवशी पाटी कोरी, हा अन्याय होता. १९९३ पासून चारही दिवसांची बेरीज धरू लागले आणि त्या वर्षी फिल मिकलसन ४५ गुण घेऊन जिंकला. स्पर्धेला खरं रूप आलं ते तेव्हापासून. मिकलसनसाठी तर ही पद्धत जणू मापं घेऊन शिवली होती. १९९७ मध्ये तो पुन्हा जिंकला, ४८ गुणांवर. त्या ४८ ची बरोबरी २००० साली अर्नी एल्सने केली, पण ती ओलांडणं शेवटपर्यंत कोणाला जमलं नाही.

१९९८ चं वर्ष आमच्या घरात गाजलं ते विजय सिंगमुळे. फिजीचा, भारतीय वंशाचा. त्याने ऑगस्टमध्ये पीजीए चॅम्पियनशिप जिंकली, म्हणजे वर्षातल्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक, आणि लगेच पुढच्या आठवड्यात कॅसल पाइन्सलाही तोच जिंकला, ४७ गुणांवर. माझे सासरे तेव्हा आमच्याकडे आले होते. आयुष्यभर बँकेत काढलेले, गोल्फ कधी पाहिलेलं नाही. शनिवारी दुपारी आम्ही दोघं कोर्सवर होतो. ऑगस्टमध्ये डोंगरावरून ढग येतात आणि दुपारी विजा चमकू लागतात, तसंच झालं. भोंगा वाजला, खेळ थांबला, खेळाडू आत गेले आणि आम्ही एका तंबूत दाटीवाटीने उभे राहिलो.

“अगं, पण हे फटके मोजत का नाहीत?” त्यांनी विचारलं.

मी गोल्फच्या त्या दिवसाच्या कागदामागे सगळे आकडे लिहून दाखवले. ते खिशातला चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले.

“म्हणजे जमाखर्चच आहे की. फक्त जमेची बाजू दुप्पट लावलीय.”

“हो बाबा. आणि बुडीत खात्याला तीनची मर्यादा.”

“मग यांनी घाबरायचं कारणच काय?”

पाऊस थांबेपर्यंत त्यांनी तो कागद भरून टाकला. कोणाला किती होल उरलेत, त्यात कोणी काय केलं तर कुठे पोहोचेल. फटक्यांच्या स्पर्धेत शेवटच्या तीन होलांत पाच फटक्यांची आघाडी मोडणं जवळपास अशक्य. इथे तीन होलांत एक ईगल आणि दोन बर्डी झाल्या की ९ गुण. आघाडीवरचा शेवटच्या होलपर्यंत निर्धास्त होऊच शकत नव्हता. फलकावर सर्वांत मोठा आकडा वर, हे बाबांना विशेष आवडलं. “बघ, पुढे असणाऱ्याचे पैसे जास्त दिसतात, हे बरोबर आहे,” म्हणाले.

आता २००२. त्या रविवारी मी सतराव्या होलच्या ग्रीनमागच्या गर्दीत होते. सतरावा पार ५ चा, ५०० यार्डांच्या आतला, त्या हवेत व्यावसायिकांना दोन फटक्यांत सहज गाठता येणारा. लोक मुद्दाम तिथे जागा धरून बसायचे. त्या दिवशी आघाडी होती रिच बीमकडे, मधल्या काळात गोल्फ सोडून विक्रेत्याची नोकरी केलेला माणूस. त्याचा पाठलाग करत होता स्टीव्ह लोअरी. लोअरी इथे नवा नव्हता. १९९४ मध्ये त्याने प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा खेळात, ही स्पर्धा जिंकली होती.

लोअरीचा दुसरा फटका २०० यार्डांच्या आसपासचा. तो मारताना मला फक्त त्याची टोपी आणि क्लबचं टोक दिसलं. चेंडू ग्रीनवर पडला तेही मला दिसलं नाही, कारण माझ्यापुढे एक उंच माणूस होता. दिसला तो त्याचा हात. आधी खांद्यापर्यंत वर आला, तिथे थांबला, आणि मग एकदम पूर्ण वर गेला. त्याच वेळी आजूबाजूला असा काही आरडाओरडा झाला की काय घडलं ते विचारायलाही कोणाला ऐकू गेलं नसतं. चेंडू होलमध्ये गेला होता. पार ५ दोन फटक्यांत. अल्बाट्रॉस. अधिक ८.

हौशी खेळाडूला जन्मात अल्बाट्रॉस होत नाही, व्यावसायिकांनाही क्वचितच. नेहमीच्या स्पर्धेत त्याची किंमत पारपेक्षा तीन फटके, बस. इथे एका फटक्यात ८ गुण आले आणि जवळपास संपलेली स्पर्धा पुन्हा जिवंत झाली. लोअरीला शेवटच्या होलवर बर्डी मिळाली असती तर तोच जिंकला असता. ग्रीनवरून होलकडे ढकललेला त्याचा फटका थोडक्यात चुकला. बीम ४४, लोअरी ४३. दोन आठवड्यांनी हाच बीम मिनेसोटातल्या हेझल्टिनला पीजीए चॅम्पियनशिपमध्ये त्या काळच्या अव्वल खेळाडूला, टायगर वुड्सला, एका फटक्याने मागे टाकून जिंकला. वर्तमानपत्रांना धक्का बसला. ज्यांनी त्याला कॅसल पाइन्सला रविवारभर न कचरता खेळताना पाहिलं होतं त्यांना तेवढा बसला नाही.

टायगरचं नाव निघालंच आहे तर पुढचं सांगते, कारण शेवटाची गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे. तो १९९९ नंतर इथे खेळायला आला नाही. यात त्याला दोष देण्यासारखं काही नाही, खेळाडू वर्षभरात मोजक्या स्पर्धा निवडतात. पण त्या काळात टायगर असलेल्या आठवड्याचं टीव्हीचं गणित वेगळं आणि नसलेल्या आठवड्याचं वेगळं होतं. शीर्षक प्रायोजक, म्हणजे स्पर्धेला आपलं नाव देणाऱ्या कंपन्या, टायगर कुठे खेळतो ते बघून पैसे लावत, आणि शेवटी शेवटी द इंटरनॅशनलकडे शीर्षक प्रायोजकच उरला नाही. व्हिकर्स यांनी ती तशीच चालवली. खेळाडूंची बडदास्त कमी झाली नाही. क्लबहाउसमधल्या मिल्कशेकची कीर्ती तर अशी की खेळाडू मुलाखतीत कोर्सच्या आधी त्याबद्दल बोलायचे.

मग २००७ आलं. टूरने वर्षभराच्या कामगिरीवरचा फेडेक्स कप सुरू केला, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बाद फेऱ्यांसारख्या स्पर्धा घातल्या आणि सगळं वेळापत्रक हललं. द इंटरनॅशनलला ऑगस्टऐवजी जुलैच्या सुरुवातीची, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या आठवड्याची तारीख आली. प्रायोजक मिळेना. फेब्रुवारी २००७ मध्ये व्हिकर्स यांनी स्पर्धा बंद करत असल्याचं जाहीर केलं. ती बातमी मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये वाचली आणि त्या दिवशी शिकवण्यात माझं लक्ष नव्हतं.

म्हणजे २००६ ची स्पर्धा शेवटची ठरली, तेव्हा कोणाला ठाऊक नसताना. हवाईचा डीन विल्सन आणि टॉम लेमन यांचे गुण सारखे झाले, ३४, आणि विल्सन प्लेऑफमध्ये जिंकला. पीजीए टूरवरचा त्याचा तो एकमेव विजय.

जुलैची ती मोकळी झालेली तारीख गेली वॉशिंग्टनजवळच्या काँग्रेशनल क्लबाला. तिथे एटी अँड टी नॅशनल ही नवी स्पर्धा सुरू झाली, यजमान टायगर वुड्स. त्या स्पर्धेचे प्रायोजक बदलले, नावं बदलली, जागाही बदलल्या आणि २०१८ नंतर तीही बंद पडली. याच फेरबदलात १८९९ पासूनची वेस्टर्न ओपन नावानिशी नाहीशी झाली आणि तिच्या जागी बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिप आली. प्रायोजकांच्या पैशावर स्पर्धा चालतात हे मला मान्य आहे, व्यावसायिक खेळ दुसऱ्या कशावर चालणार? पण अकरा महिने एकाच पद्धतीने खेळणाऱ्या टूरला एक आठवडा वेगळा ठेवता येऊ नये, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. या स्पर्धेतला दोष खेळातला नव्हता. तिची पद्धत टीव्हीसाठीही उत्तमच होती, फक्त ती प्रेक्षकांना समजावून सांगायची तसदी घ्यायला हवी होती. माझ्या सासऱ्यांना एक कागद पुरला.

गुणपद्धत पुढे एका ठिकाणी परत आली. नेव्हाडातल्या रीनोच्या स्पर्धेने २०१२ मध्ये हीच सुधारित पद्धत घेतली, अगदी हेच आकडे. पुढे ती बाराकुडा चॅम्पियनशिप म्हणून ओळखली जाऊ लागली. मी ती आवर्जून पाहत असे. अडचण एवढीच की ती ज्या आठवड्यात व्हायची त्याच आठवड्यात दुसरीकडे मोठी स्पर्धा असायची, त्यामुळे आघाडीचे खेळाडू तिथे नसायचे. पद्धत होती, पण ती ज्यांच्या हातात बघायची ते हात नव्हते.

व्हिकर्स २०१८ मध्ये गेले. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, टूर पुन्हा कॅसल पाइन्सला आली. १८ वर्षांनी. आणि आली ती बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिप, म्हणजे त्याच २००७ च्या फेरबदलातून जन्मलेली. कोर्स आता ८,००० यार्डांच्याही पुढे नेलेलं. ५० जणांत पन्नासावा म्हणून आलेला कीगन ब्रॅडली पारपेक्षा १२ कमी फटक्यांत, एकाच फटक्याच्या फरकाने जिंकला. उत्तम स्पर्धा झाली. खेळले मात्र फटक्यांवर. चारही दिवस मी टीव्हीसमोर वही घेऊन पहिल्या गटांचे होल जुन्या पद्धतीने मांडत होते, आणि पार ५ च्या होलवर कोणी चेंडू आखूड ठेवला की मला हळहळ वाटायची. १९९८ मध्ये याच फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, असल्याच चेंडूला माणसं थेट ग्रीनवर मारत होती.

माझी मागणी फार मोठी नाही. ऑगस्टमधला एक आठवडा, पहिले ५० खेळाडू, हेच कोर्स, आणि फलकावर गुण. अल्बाट्रॉसला ८.